गाडी तीन लाखांची की महिन्याला आठ हजारांची?

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या पणजीत खासगी ऑफिसात कामाला आहेत आणि कदंबच्या बसने ये-जा करतात. यजमान कुंडईच्या कारखान्यात शिफ्ट ड्युटीला, मोटारसायकलने जातात. घरात शाळेत जाणारी मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना महिन्यातून दोनदा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागतं. भाड्याची गाडी थांबण्यासकट दर वेळी अठराशे रुपये घेते. पावसात मुलीला स्कूटरवरून शाळेत सोडताना जीव मुठीत धरावा लागतो, ते वेगळंच. भिशी आणि रिकरिंग मिळून २ लाख ७० हजार हाताशी आहेत, पतसंस्था १ लाख ३० हजार द्यायला तयार आहे, म्हणजे एकूण ४ लाख. घरखर्च भागून महिन्याला नऊ-दहा हजार उरतात.

समोर तीन गाड्या आहेत. शेजाऱ्यांची २०१५ ची वॅगन आर, फक्त ३८ हजार किलोमीटर चाललेली, ३ लाख १० हजारांना. मुलगा जहाजावर असतो, गाडी दारातच उभी असते. दुसरी यजमानांच्या मित्राकडची, आधी रेंटला फिरलेली २०२० ची गाडी, ३ लाख ९० हजारांना. तिसरी अजून पाहिलेली नाही, कोल्हापूरचा मावसभाऊ म्हणतो, "इथून ने, चाळीस-पन्नास हजार वाचतील." ताई विचारतात, यातली कोणती घेऊ? आणि शेवटी एक ओळ: "गाडी यांना येते, मी शिकणार आहे. महिन्याला खर्च किती येईल ते मात्र कोणीच सांगत नाही."

ताई,

तुमच्या त्या शेवटच्या ओळीत दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दोन्ही गाडीच्या मॉडेलपेक्षा मोठ्या आहेत. पहिली, गाडी कोण चालवणार. सासऱ्यांची ओपीडी सकाळची. यजमान पहिल्या शिफ्टला गेले, तर दारातली गाडी दारातच राहणार आणि तुम्ही पुन्हा त्याच भाडेवाल्याला फोन करणार. ज्याला गरज आहे त्याच्याच हातात गाडी हवी. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलची फी हा तुमच्या बजेटमधला पहिला खर्च आहे, गाडी आल्यावर सावकाश करायचा नव्हे. लर्निंग लायसन्स काढल्यावर पक्क्या लायसन्सच्या परीक्षेसाठी किमान तीस दिवस थांबावं लागतंच. तेवढ्या अवधीत गाडी शोधणं आरामात होतं, घाईही टळते.

"रात्री-अपरात्री सासऱ्यांना काही झालं तर" असंही तुम्ही लिहिलं आहे. ती भीती मी समजू शकतो, पण त्या वेळेसाठी १०८ आहे. श्वास लागलेल्या माणसाला मागच्या सीटवर घालून पावसात बांबोळी गाठण्यापेक्षा ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका केव्हाही बरी. हे कारण यादीतून काढून टाका आणि मग उरलेली कारणं पाहा. दवाखान्याच्या ठरलेल्या फेऱ्या, चार महिन्यांचा पाऊस, मुलीची शाळा, चवथीचा (गणेश चतुर्थीचा) बाजार, लग्नकार्य, देवदर्शन. ही कारणं खरी आहेत, फक्त ती महिन्याला पाचशे किलोमीटरच्या आसपासची आहेत.

आता तुमचा आकडा. पेट्रोल हिशेबाला सोपं जावं म्हणून लिटरला शंभर रुपये धरू. ॲव्हरेज पंधराचा धरा. कंपनी सांगते तो आकडा आपल्या चढ-उतारांवर आणि एसी लावून मिळत नाही. पाचशे किलोमीटरला साधारण ३,३०० रुपये. इन्शुरन्स वर्षाला नऊ हजारांच्या आत बसेल, महिन्याला ७५०. दोन सर्व्हिसिंग, पीयूसी आणि किरकोळ मिळून महिन्याला ६००. याखेरीज १,५०० रुपये वेगळे काढायचे, आणि लोक नेमके हेच विसरतात: टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शन. चार टायरांचे सोळा हजार चार वर्षांत वाटले तर महिन्याला साडेतीनशे होतात. पण ते महिन्याला सुटे मागत नाहीत, एका दिवशी एकदम मागतात, आणि तो दिवस बहुधा शाळेची फी भरायचाच असतो.

इथवर झाले ६,१५०. आता पतसंस्थेचे १ लाख ३० हजार, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,४५०. बेरीज १०,६००. तुमच्याकडे उरतात नऊ-दहा हजार. म्हणजे गाडी आली की घरात एक रुपया शिल्लक पडणार नाही, उलट दर महिन्याला ओढाताण.

तेच कर्ज ६० हजारांचं घेतलं तर हप्ता साधारण २,०५० आणि महिन्याचा एकूण खर्च ८,२००. हे झेपतं. माझा सल्ला याच आकड्यावर उभा आहे.

एक मोह मात्र आधीच सांगून ठेवतो. गाडी दारात आली की कदंबची रांग नकोशी वाटू लागते. साखळी-पणजी जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर धरले तर चोवीस दिवसांचं पेट्रोल एकटंच दहा हजारांच्या वर जातं, शिवाय पणजीत पार्किंगसाठी घिरट्या. तुमच्यासारख्या पगारात बस सोडली तर गाडी परवडत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळालेली असो. पास चालू ठेवा.

आणि खरं सांगायचं तर, नुसत्या पैशांच्या हिशेबात भाड्याची गाडीच जिंकते. दोन फेऱ्यांचे ३,६०० कुठे आणि ८,२०० कुठे. वरच्या साडेचार हजारांत तुम्ही मुलीचा पावसाळा, सासूबाईंचं मंगेशीला जाणं आणि "गाडी मिळेल का हो" असं कोणाला न विचारण्याची मोकळीक विकत घेत आहात. मला ते चुकीचं वाटत नाही. फक्त "पैसे वाचतात" असं स्वतःला सांगून घेऊ नका.

मग ४ लाखांचं काय? २ लाख ७० हजार आपले आणि ६० हजार कर्ज, मिळून ३ लाख ३० हजार. त्यातले ४० हजार सासऱ्यांसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. आजारी माणूस घरात असताना भिशी शेवटच्या रुपयापर्यंत गाडीत घालू नये. आणखी ३० हजार गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या कामांसाठी. राहिले २ लाख ६० हजार. थोडं मागेपुढे करून २ लाख ७०. तुमची खरेदीची ताकद एवढी आहे. जुनी गाडी घेणारे बहुतेक जण सगळी रक्कम किमतीत ओततात आणि दुसऱ्या महिन्यात गॅरेजवाल्याकडे उधारी करतात.

आता शेजाऱ्यांच्या गाडीकडे येऊ. "फक्त ३८ हजार" याचा तुम्हाला आनंद झालेला दिसतो. गोव्यात कमी चाललेली गाडी म्हणजे पुष्कळदा न चाललेली गाडी: मुलगा जहाजावर, नाहीतर आखातात, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात, रबरी पाइप आणि सील सुकतात, बॅटरी बसते, ब्रेकची डिस्क गंजते आणि उंदीर वायरिंगवर हात साफ करतात. खाली ओल आणि वर दमट हवा, त्यामुळे तळाचा पत्रा आतून खात जातो. साठ-सत्तर हजार चाललेली, पण दर वर्षी वेळेवर सर्व्हिसिंग झालेली गाडी मी अशा गाडीहून वरची मानेन. तरीही ही गाडी सोडा असं मी म्हणत नाही. तिचा मालक तुम्हाला माहीत आहे, तिचा अपघात झाला असता तर वाड्यावर कळलं असतं, आणि हे ज्ञान कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोलाचं. फक्त तिची किंमत ३ लाख १० हजार नाही. चार नवे टायर, बॅटरी, पट्टे, पाइप, सगळी ऑइलं आणि कूलंट, हा तीसेक हजारांचा खर्च पहिल्याच महिन्यात धरा आणि तो त्यांच्यासमोर ठेवा.

टायरचं वय पाहायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१५ दिसलं तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, म्हणजे गाडीबरोबरच आलेला. नक्षी कितीही चांगली दिसो, ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही.

२०१५ च्या गाडीबद्दल आणखी दोन गोष्टी. तिची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंत. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याची केंद्र सरकारची फी २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि तपासणीला नेण्याआधी डेंटिंग-पेंटिंग, गंज काढणं यात त्याहून जास्त जातात. दुसरं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. लगेच काही बंद पडत नाही, पण ॲव्हरेज थोडा उतरतो आणि इंधनाचे रबरी पाइप, गॅस्केट यांवर लक्ष ठेवावं लागतं.

रेंटवाली गाडी तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, तेव्हा तिच्याबद्दल थोडक्यात. काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं जाऊन पांढरी पाटी आली म्हणून गाडीचं पूर्वायुष्य पुसलं जात नाही. दर दोन दिवसांनी नवा ड्रायव्हर, निम्म्यांना क्लचवरचा पाय उचलायची सवय नाही, काहींनी ती किनाऱ्यावर वाळूत घातलेली. अशा गाड्या काही वेळा सर्व्हिसिंगला मात्र नियमित जातात, म्हणून सरसकट वाईट म्हणणार नाही. हे वाचणाऱ्या इतर कोणाला अशी गाडी घ्यायचीच असेल, तर मीटरवरचा आकडा सर्व्हिस सेंटरच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहा, आणि क्लच व सस्पेन्शनचे पैसे किमतीतून आधीच वळते करून घ्या.

कोल्हापूरच्या गाडीत वाचणारे चाळीस हजार कुठे जातात पाहा. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. मग गोव्याचा रोड टॅक्स, नवी नोंदणी, एजंट, दोन-तीन खेपा आणि त्या दिवसांच्या रजा. एमएच पाटीवर तशीच चालवू म्हणाल, तर बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावीच लागते, तसा कायदाच आहे. त्यातून २०१९ आणि २०२१ चे पूर. कोल्हापूर-सांगली असो की चिपळूण, पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या जातातच. साखळीच्या बाजारात वाळवंटी नदीचं पाणी चढतं तेव्हा काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे इथल्याच, जीए-०४ पासिंगच्या गाडीलाही हीच तपासणी.

ती अशी करा. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. गढूळ पाण्याची रेघ तिथे राहून जाते, कारण तेवढा पट्टा कोणी धूत नाही. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. पायाखालच्या मॅटच्या खालचं फोम दाबून वास घ्या. सगळी सीटकव्हरं नवीकोरी आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर मी जरा जास्तच वेळ वास घेईन.

मेकॅनिक तुमचा न्या, विकणाऱ्याचा नव्हे, आणि त्याला हजार रुपये आनंदाने द्या. गाडी सकाळी, इंजिन गार असताना सुरू करायला लावा. "आत्ताच जरा फिरवून आणली" असं म्हणाले तर दुसऱ्या दिवशी जा. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चढवून तळ पाहायचा. नुसतं काळं कोटिंग मारलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहायचं, खालचा पत्रा शाबूत आहे की नाही ते तेव्हा कळतं. मग केरीवरून चोर्ल्याच्या घाटात घेऊन जा. चार माणसं आत, एसी चालू. चढावर इंजिन घुमतं पण गाडी ओढत नाही असं झालं तर क्लच प्लेट संपली. तापमानाचा काटा वर सरकला तर तिथूनच परत फिरा. घाटातली ही अर्ध्या तासाची फेरी साखळीच्या सपाट रस्त्यावरच्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त सांगते.

कागदांचं काम कंटाळवाणं असतं, आणि शेजारी असले की भिडेपोटी हमखास राहून जातं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून मालक कितवा, इन्शुरन्स कधीपर्यंत आणि बँकेचा बोजा आहे का ते पाहा. थकलेली चलनं ई-चलनच्या साइटवर दिसतात. तुमच्या बाबतीत आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) शेजाऱ्यांच्या मुलाच्या नावावर असेल, तर वडिलांच्या सहीने काही होणार नाही. मुलगा जहाजावरून येईपर्यंत थांबा. कर्ज फिटलं असेल तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवलेला हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून "नाव मागाहून चढवू" हा प्रकार दोघांच्याही अंगाशी येतो: गाडीने कोणाला धडक दिली तर नोटीस आरसीवरच्या माणसाला.

इन्शुरन्सची एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नाव बदलल्यावर चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई तशी आपोआप येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) त्याच्याकडेच राहतो, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून त्यांच्या प्रीमियमचा आकडा पाहून हुरळू नका. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला २,०९४ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. वॅगन आरचं एक लिटरचं इंजिन असेल तर ती पहिल्या गटात बसते. दहा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला, असं कोणी म्हणेल. पावसाळ्यात आंब्याची फांदी बॉनेटवर पडली की त्याचं उत्तर मिळतं. निदान पहिली दोन-तीन वर्षं फुलच ठेवा.

राहता राहिला भाव. शेजाऱ्यांशी घासाघीस करायला जड जातं, म्हणून ती तुम्ही करू नका, मेकॅनिकच्या यादीला करू दे. टायर इतके, बॅटरी इतकी, असा कागद हातात ठेवा, २ लाख ६० हजार म्हणा आणि फार तर २ लाख ७० पर्यंत जा. त्यावर नाही म्हणाले तर हसून चहा प्या आणि दुसरी शोधा. ६०-७० हजार चाललेली, एका मालकाची, सर्व्हिसिंगची बुकं असलेली गाडी डिचोली-फोंड्याकडे याच भावात बघा. बोलणी पावसात सुरू करा, म्हणजे कुठून गळते तेही कळेल. चवथीच्या आधी सगळ्यांनाच गाडी हवी असते आणि विकणारा हटून बसतो. चवथ सरली आणि पितृपक्ष लागला की गिऱ्हाईक पातळ होतं. सासूबाईंना त्या पंधरवड्यात खरेदी खपणार नसेल, तर भाव तेव्हा ठरवा, थोडा इसार बँकेतून द्या, तो लिहून घ्या, आणि सह्या व बाकीचे पैसे घटस्थापनेनंतर. तोवर शेजाऱ्यांचा मुलगाही सुट्टीवर आलेला असला तर उत्तमच, आरसी त्याच्याच नावावर असणार.